दुसऱ्या ताऱ्याचं ज्वलन

अमरावती, १२ जानेवारी २०२५

केदार,

पार्सल मिळालं. आईसाठी शाल आणि माझ्यासाठी एका मुलीचा प्रबंध. शाल आईला टोचते. प्रबंधाबद्दल खाली लिहिते.

सोबतच्या चिठ्ठीत तू मला 'ताई' म्हटलं आहेस. काम असलं की तुला नाती आठवतात. 'बाहेरचा परीक्षक कडक असतो, विद्यापीठात जमा करण्याआधी घरच्या माणसाने नजर टाकलेली बरी.' घरचं माणूस! आपल्या दोघांच्या त्या जुन्या लेखासाठी अकोल्यात तुझा सत्कार झाला, त्यात तू माइकवर माझी ओळख करून दिली होतीस : 'ही माझी मोठी बहीण. लेखातल्या आकृत्या हिने काढल्या.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकृत्यांना टाळ्या मिळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून आपल्यातलं बोलणं आई करते, दोन्ही बाजूंनी.

ई-मेल करता आला असता. पण तू कशालाही उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतोस. कागदावर ते काढायला तुला निदान मेहनत पडेल.

तर प्रणाली. मनोगतावरून कळलं की वलगावची आहे, घरी शेती आहे, आणि तुझ्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत, तुझ्याच मार्गदर्शनाखाली तिने हे काम केलं. प्रस्तावना तुझी आहे, हे कोणी सांगायला नको. 'विश्वाच्या अथांग रंगमंचावर' अशी सुरुवात करणारा माणूस मला एकच माहीत आहे. ती पानं फाडून टाक. पुढे मुलगी स्वतः लिहू लागते आणि गद्य ताबडतोब सुधारतं.

दोन श्वेतबटू. इंधन संपलेले तारे, आकाराने पृथ्वीएवढे, वजनाने सूर्याच्या आसपास. एकमेकांभोवती फिरत जवळ येतात. जड तारा हलक्याच्या अंगावरचा हेलियम ओढून घेतो. तो हेलियम पेटतो, त्याचा धक्का आत केंद्रावर एकवटतो आणि जड तारा फुटतो. हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे, कारण तुझं नवं व्याख्यान परवा आईने मोबाइलवर लावलं होतं, त्यात तू हे विसरलेला दिसलास. 'आकाशातला संसार.' जड तारा नवरा, हलका तारा बायको, हेलियम म्हणजे माहेरचं लेणं. समोरचे लोक डोळे पुसत होते. आई शेवटपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, 'बोलतो छान. पण नवरा फुटल्यावर बायकोचं काय झालं, ते काही सांगितलं नाही गं त्याने.'

प्रश्न तोच आहे. दुसऱ्याचं काय होतं?

वाचला, तर तो प्रचंड वेगाने भिरकावला जातो, आणि तो आड आल्यामुळे पहिल्याच्या उधळलेल्या द्रव्यात त्याच्यामागे एक पोकळी राहते. शंकूच्या आकाराची सावली. तो उधळलेला अवशेष शतकानुशतकं पसरत जातो, पण सावली टिकते. हे प्रणालीने फार चांगलं दाखवलं आहे. तिच्या आकृत्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. सत्कारात सांगायला हरकत नाही.

पण तिच्या प्रत्येक गणनेत दुसरा तारा वाचतो. वजनं बदला, अंतर बदला, हेलियमचा थर जाड करा, तो वाचतोच. एकदाही पेटत नाही. मुलीला वाटतं आहे की हा तिचा निष्कर्ष आहे.

तू तिला सांगितलं नाहीस?

अश्लेषा

•

अमरावती, २९ जानेवारी २०२५

केदार,

जोडलेले हात मिळाले. खाली 'ते जुनं कशाला उकरतेस' हेही मिळालं. ते जुनं असतं तर उकरलं नसतं. ते या मुलीच्या प्रत्येक पानाखाली आहे.

तुला विसरायचं असेल तर विसर. मी लिहून ठेवते.

मे महिना. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा आपल्याला उन्हाळ्याच्या सुट्टीतच मिळायची, कारण एरवी तिथे मुलं असायची. आणि वीज जायची तीही उन्हाळ्यातच. सकाळी एकदा, दुपारी एकदा. यंत्रं जोडून आपण गणना सुरू करायचो, कूलरमध्ये पाणी ओतायचो, आणि दुसरा तारा तापायला लागायच्या सुमारास लोडशेडिंग व्हायचं. पुन्हा पहिल्यापासून. बाहेर लिंबाखाली चौकीदार खाट टाकून झोपलेला असायचा. तो म्हणायचा, 'तुमचा तारा मेला का पुन्हा?'

शेवटी तू मार्ग काढलास. ज्वलनाची समीकरणं पहिल्या ताऱ्यात चालू ठेवायची, दुसऱ्यात बंद. दुसरा नुसता एक वजनदार गोळा. गणना निम्म्या वेळात संपली, वीज जाण्याच्या आत. तू म्हणालास, 'अगं, सोबती आहे तो. त्याचं काय एवढं.' मी तेव्हाच म्हटलं होतं की हे लेखात सांगावं लागेल. तू म्हणालास, तळटीप देऊ. तळटीप दिली नाहीस.

आणि निकष ठोकून दिलास. जिथे सावली नाही आणि वाचलेला सोबती सापडत नाही, तिथे जोडी नव्हतीच. घरात माणूस दिसला नाही, म्हणून तो जन्मलाच नव्हता. एवढ्या हिमतीने चुकायला एक प्रकारची प्रकृती लागते. त्या लेखावर तू अकोल्यात विभागप्रमुख झालास. मला काय मिळालं, हा इथला विषय नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या यंत्रावर तीच गणना मी पुन्हा लावली. तोच प्रोग्रॅम. फक्त दुसऱ्या ताऱ्याचं ज्वलन सुरू केलं.

पहिला फुटतो. त्याचा लोंढा दुसऱ्यावर आदळतो. दुसऱ्याच्या अंगावर हेलियम उरलेला असतोच, तो पेटतो. धक्का आत जातो. दुसराही फुटतो. पण त्याच्याभोवती पहिल्याचं द्रव्य आधीच पसरलेलं असतं, म्हणून याचं द्रव्य त्याच्या पोटात अडकतं. बाहेरून पाहिलं तर एका ताऱ्याचा अवशेष. आत शिरलं तर दोघांचा. वाचलेला कोणी नाही, कारण वाचलंच नाही कोणी. आणि सावली आतून भरून निघते, तिच्या कडा वाकतात. तू ज्या अवशेषाला 'जोडीचा नाही' म्हणून निकालात काढलंस, तो नेमका असा दिसतो.

प्रणालीचा संपूर्ण प्रबंध या निकषावर उभा आहे. तू तिला प्रोग्रॅम दिलास आणि म्हणालास असशील, 'या भागाला हात लावू नकोस.' मला तुझा आवाज ऐकू येतो आहे. ती ऐकणारी मुलगी आहे. तिने हात लावला नाही.

तिला सांग.

अश्लेषा

•

अमरावती, २० फेब्रुवारी २०२५

केदार,

तू आईला फोन केलास. मी समोर बसले होते, ते तुला माहीत असावं. आई स्पीकर लावते. तिला ऐकू कमी येतं आणि मला ऐकवायचंही असतं.

'आई, तिला समजाव. पोरीचं वाटोळं करून राहिली ती. ऑगस्टमध्ये मुलाखती आहेत. कायम जागा. पीएच.डी. हातात असली तर तिचंच होणार, नाही तर पुन्हा तासावर. आता प्रबंध दिला नाही तर गेलं सगळं.'

'मग तू तिला आधीच बरोबर काहून नाही शिकवलं?' आईने विचारलं.

'आई, तसं नसतं ते.'

'कसं असतं?'

त्यावर तू म्हणालास की रेंज जाऊन राहिली.

मी तुझं म्हणणं नीट समजून घेते, कारण त्यात थोडं खरं आहे आणि तुझ्या बोलण्यात तसं क्वचित असतं. मुलीला नोकरी हवी आहे. अशा जागा वर्षानुवर्षं निघत नाहीत. परीक्षक बहुधा काही पकडणार नाही. परीक्षक प्रबंधाची सुरुवात आणि शेवट वाचतात आणि मधे चहा घेतात. तिची पदवी होईल, नेमणूक होईल, मग कधीतरी मी या नव्या गणनेचा लेख छापावा, आणि तोवर सगळे आपापल्या जागी बसलेले असतील. हेच ना?

आणि मग आयुष्यभर ती वर्गात उभी राहून तुझा निकष शिकवेल. तू तिच्यावर उपकार करतो आहेस अशी तुझी समजूत आहे. तू तिला स्वतःसारखं करतो आहेस. तिला यातलं काय हवं आहे, हे तू विचारलंस का? तू विचारणार नाहीस. सोबती आहे ती. तिचं काय एवढं.

गेल्या रविवारी तू इथे, अमरावतीत होतास. राजापेठेतल्या त्या सभागृहात तुझं व्याख्यान झालं. शेजारच्या साधनाताई ऐकून आल्या, त्यांनी सांगितलं. घरी आला नाहीस. आईने त्या दिवशी पाटवड्या केल्या होत्या, कारण वर्तमानपत्रात तिने तुझं नाव वाचलं होतं. मी तिला म्हटलं, तो बिझी असतो. तुझ्या वतीने खोटं बोलायची मला सवय आहे.

मार्च लागेपर्यंत तिला सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

अश्लेषा

•

अमरावती, ९ मार्च २०२५

केदार,

तू सांगितलं नाहीस. मी फोन केला. आज प्रणाली आली, वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसून, लॅपटॉप पोटाशी धरून.

वडील रामराव. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले. आईने पाणी दिलं, तर उभं राहून घेतलं. मी मुलीला आत नेलं आणि प्रोग्रॅममधली ती ओळ दाखवली. तिने ती पुन्हा पुन्हा वाचली. मग म्हणाली, 'लहान गणना लावता का? एकदा बंद ठेवून, एकदा सुरू करून.'

लावली. आम्ही दोघी पाहत बसलो. पहिल्यांदा दुसरा तारा नेहमीसारखा सुखरूप निघून गेला. मग ज्वलन सुरू केलं. त्याच्या एका बाजूला पिवळा ठिपका आला आणि सगळ्या पृष्ठावर पसरला.

'हा तं पेटून राहिला,' ती म्हणाली.

तुझ्यासमोर ती प्रमाण मराठी बोलत असेल. इथे तिची भाषा सुटली.

'सरले माहीत होतं?'

'होतं.'

'अन् तुमाले?'

'मी त्याच दिवशी विरोध केला होता.'

'तुमचंही नाव आहे न त्या लेखावर.'

'आहे.'

'मंग सही काहून केली?'

मी तिला लोडशेडिंगबद्दल सांगितलं. सुट्टी संपत आली होती, ते सांगितलं. तू कसा आहेस, तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिची ऐकून घेण्याची पद्धत मला आवडली नाही.

बाहेर आलो तेव्हा रामरावांनी विचारलं, 'म्हंजे पोरगी नापास झाली का, मॅडम?'

'नाही. प्रबंध अजून दिलाच नाही तिने.'

'मंग देऊन टाकू न. सर म्हनतेत, देऊन टाक.'

'त्यात चूक आहे.'

'कोनाची?'

मी तोंड उघडलं होतं. प्रणाली मधेच म्हणाली, 'बाबा, चहा प्या तुमी. थंडा होऊन राहिला.'

निघताना फाटकाशी ती माझ्याकडे वळली. वडील गाडी सुरू करत होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जवळ आली. 'एक सांगू मॅडम? राग नका मानू. तुमाले सरले हरवाचं आहे. सरले तुमाले. मले नोकरी पाहिजे. दोघायनं मले इचारलं नाही.'

मी म्हटलं, मी तुला सत्य सांगितलं. ती म्हणाली, 'हो, आता सांगितलं.'

सुधारलेल्या प्रोग्रॅमची प्रत तिने नेली. काय करणार ते बोलली नाही. बहुतेक तुझ्या मनासारखं होईल. अशी मुलगी तुझ्या वाट्याला यावी, याला न्याय म्हणत नाहीत. तू खूश होशील आणि ते लपवण्यासाठी आईला फोन करून तिच्या गुडघ्यांची चौकशी करशील.

गुडघे तसेच आहेत.

अश्लेषा

•

अमरावती, १४ सप्टेंबर २०२५

केदार,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे होतं ते तुला प्रणालीकडून कळत होतं. किंवा कळत नव्हतं. आई म्हणते, तू तिच्याबद्दल विचारत नाहीस.

तिने प्रबंध दिला नाही. मार्गदर्शक म्हणून तुझंच नाव ठेवलं आहे, बदलायला नकार दिला. मी दोनदा सुचवून पाहिलं. 'अर्ज करा, समिती बसवा, मंग सगळे विचारतीन काहून बदलला. जाऊ द्या. सर काही वाईट माणूस नाहीत.' इथे मी विषय बदलला. संयम मलाही जमतो.

एप्रिलपासून ती दर शनिवारी वलगावहून येते आणि माझ्या यंत्रावर बसते. सगळ्या गणना नव्याने. तू लाडाने ज्याला संसार म्हणतोस, तो जोडीगणिक वेगळा निघतो, हे तिने दाखवलं आहे. दुसऱ्याच्या अंगावर हेलियमचा थर पातळ उरला असेल तर तो वाचतो आणि सावली सोडतो. पुरेसा जाड असेल तर तोही फुटतो. म्हणजे तुझा निकष सगळाच खोटा नव्हता. काही जोड्यांपुरता खरा होता. मला हे लिहायला आवडत नाही, पण गणना तिची आहे.

मीही चुकत होते म्हणे. दिवाळीनंतरच्या त्या एका गणनेवरून मी दोन्ही तारे सगळीकडे फोडायला निघाले होते. 'एकच करून पाह्यली न तुमी? थर किती घेतला होता?' तिने विचारलं. जाड घेतला होता.

ऑगस्टच्या मुलाखती झाल्या. ती जाऊन आली. पदवीचा कागद नाही म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्या शनिवारी ती नेहमीच्या वेळेला आली, पंख्याखाली बसली, म्हणाली, 'गेली.' मी काहीतरी बोलू पाहिलं. ती म्हणाली, 'वजनं सांगा, पुढची जोडी लावून घेऊ.' आईने तिला त्या दिवशी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ती जेवली, आणि जेवताना रडली, आणि भाजी पुन्हा मागून घेतली. रामराव आता फाटकाच्या आत येत नाहीत. गाडी बाहेर उभी ठेवून हॉर्न देतात.

आता कामाचं. तिचा नवा प्रबंध आपल्या लेखाला खोटं ठरवून सुरू होतो. तिला ते तसं करायचं नाही. तिचं म्हणणं, विद्यार्थ्याने गुरूची चूक दाखवली की परीक्षक कामाकडे बघत नाहीत, भांडणाकडे बघतात. ज्यांनी लेख लिहिला त्यांनीच आधी दुरुस्ती छापावी. मग ती फक्त त्या दुरुस्तीचा संदर्भ देईल आणि पुढे जाईल.

दुरुस्तीचा मसुदा मी केला. चांगला झाला होता. सुरुवात होती : 'प्रथम लेखकाच्या आग्रहामुळे.' मला वाटतं, त्यातला प्रत्येक शब्द मी सिद्ध करू शकते. प्रणालीने ते तीन शब्द खोडले. मी पुन्हा लिहिले. तिने पुन्हा खोडले. मी तिला म्हटलं, तू त्या खोलीत नव्हतीस, कोणी काय केलं ते तुला माहीत नाही.

'ताऱ्याले काय फरक पडते, मॅडम, कोनं बंद केलं ते?'

मी म्हटलं, मला पडतो.

'पडू द्या,' ती म्हणाली.

उरलं ते एवढंच : 'या गणनेत दुसऱ्या ताऱ्याचं ज्वलन बंद ठेवलं होतं. लेखात तसं नमूद केलं नव्हतं. त्यामुळे त्यात मांडलेला निकष आम्ही मागे घेत आहोत.' त्याखाली दोन नावं, लेखात होती त्याच क्रमाने. तुझं आधी. तेही तिनेच ठरवलं.

व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवू नकोस. पोस्टानेही नको. शनिवारी ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, आईशी बोल. पण सही तिच्यासमोर कर, तिच्या टेबलावर, ती बघत असताना.

मला तशीच करावी लागली.

अश्लेषा